चांदोबा, बाण आणि जाड पानांचे पुस्तक : मराठी शिशुवाचनाच्या इतिहासातील एक प्रकरण

१

मराठी बालसाहित्याचा इतिहास वाचता येणाऱ्या मुलापासून सुरू होतो. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ (१८२८), विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक (१८८१) आणि वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’ (१९०६) हे या इतिहासाचे सर्वमान्य टप्पे होत. मालतीबाई दांडेकर यांच्या ‘बालसाहित्याची रूपरेखा’ (१९६४) या ग्रंथापासून या साहित्याची समीक्षाही आकार घेऊ लागली. परंतु या सर्व व्यवहारात गृहीत धरलेले मूल अक्षरओळख झालेले, निदान गोष्ट सलगपणे ऐकू शकणारे असते. जे मूल अजून पुस्तक उलटे धरते, त्याचा कोपरा चावते, चित्रावर तळहात आपटते आणि पान फाडून मोकळे होते, त्याला वाचक म्हणावयाचे की नाही, हा प्रश्न मराठी समीक्षेने क्वचितच उपस्थित केला आहे.

याचे एक कारण साधनांच्या स्वरूपातच आहे. शिशूच्या हातातील पुस्तक वापरता वापरताच संपते. ग्रंथालयाच्या दाखलनोंदीत ते येत नाही, दुर्मिळ ग्रंथांच्या कपाटात ते उरत नाही. जे पुस्तक जितके अधिक वाचले गेले, तितका त्याचा पुरावा कमी, अशी ही उलटी स्थिती आहे. म्हणून या वाचनाचा इतिहास पुस्तकांच्या सूचीवरून लिहिता येणार नाही. तो पुस्तकाभोवतीच्या बोलण्याचा, मांडीचा आणि हाताच्या बोटाचा इतिहास म्हणूनच लिहावा लागेल. प्रस्तुत लेखात या इतिहासातील एक मर्यादित प्रकरण विचारात घेतले आहे. रॉकेट, अवकाशयान, चंद्र आणि ग्रह यांची ठळक रंगीत चित्रे असलेली जाड पुठ्ठ्याच्या पानांची पुस्तके, म्हणजेच बोलीत रूढ झालेली ‘बोर्ड बुके’, मराठी शिशूपर्यंत पोहोचतात तेव्हा कोणत्या पूर्वपरंपरेत येऊन पडतात, हे येथे पाहावयाचे आहे.

विवेचनासाठी कनेरगाव नाका हे गाव डोळ्यांसमोर ठेवणे उपयुक्त ठरते. हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव आज मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेलगत आहे. १९४८ पूर्वी हीच सीमा निजामाचे हैदराबाद संस्थान आणि ब्रिटिश अमलाखालील वऱ्हाड यांच्यामधली होती. गावाच्या नावातील ‘नाका’ हा शब्दच सीमेची जाणीव वागवतो. एका बाजूला मूल ‘लेकरू’ असते, दुसऱ्या बाजूला ‘पोट्टं’. पंचक्रोशीत मराठीच्या या दोन्ही वळणांबरोबर बंजाऱ्यांची गोरमाटी आणि दखनी उर्दूही नांदते. अशा ठिकाणी एखादे चित्रपुस्तक उघडले, तर त्यातील चित्राला कोणत्या नावाने हाक मारावयाची, हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्राचा राहत नाही. तो संहितेचा आणि सत्तेचा प्रश्न होतो.

२

रॉकेटच्या पुस्तकाआधी चंद्र होता. मराठी मुलाला चंद्र प्रथम भेटतो तो नातलग म्हणून. अंगाईत, बडबडगीतांत आणि जात्यावरच्या ओवीत तो मामा असतो, झाडाआड लपतो, दमतो, जेवायला बोलावला तर येत नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये संकलित केलेल्या ओव्यांपासून अलीकडील जात्यावरील ओव्यांच्या संग्रहांपर्यंत तान्हे बाळ आणि चंद्र यांची सांगड वारंवार आढळते. या व्यवहारात चंद्राकडे जाण्याची कल्पनाच नाही. चंद्राला आपल्या अंगणात बोलवावयाचे असते. अंतर मोजले जात नाही, ते नात्याने पुसले जाते. १९५२ मध्ये मराठीत सुरू झालेल्या मासिकाने ‘चांदोबा’ हे नाव धारण केले, तेव्हा हीच घरगुती जवळीक त्याने छापील व्यवहारात आणली.

याच परंपरेत बालरामाने चंद्र मागितल्याची लोककथा येते. मूल रडते, चंद्र हाती देता येत नाही. शेवटी त्याच्यासमोर आरसा धरला जातो आणि प्रतिबिंब पाहून ते शांत होते. चित्रवाचनाची याहून नेमकी रूपककथा सापडणे कठीण. दूरची वस्तू, तिची हातात मावणारी प्रतिमा, ती प्रतिमा धरणारा वडीलधारा आणि ‘हा बघ’ असे सांगणारा त्याचा शब्द, असे चारही घटक तीत आहेत. यांपैकी शेवटचे दोन काढून घेतले, तर आरसा ही केवळ एक चकाकणारी वस्तू उरते.

चंद्राकडे जाण्याची कल्पना मराठीत छापील साहित्यातून आली. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळकोकिळ’ मासिकात १९०० साली ज्यूल व्हर्नची चांद्रप्रवासाची कथा ‘चंद्रलोकाची सफर’ या नावाने आली आणि मराठी विज्ञानकथेचा आरंभ पुष्कळदा तेथून मानला जातो. म्हणजे मामाच्या घरी जाण्याची वाट प्रथम प्रौढ वाचकाला दिसली; शिशूपर्यंत पोहोचायला तिला आणखी सहा-सात दशके लागली.

३

परंतु ‘रॉकेट’ ही वस्तू मराठी मुलाला अपरिचित होती, असे समजणे चुकीचे ठरेल. अठराव्या शतकातील युद्धवर्णनांत दारू भरून उडवावयाच्या अस्त्राला ‘बाण’ म्हणत. शोभेच्या दारूकामातही हाच शब्द चालत आला. दक्षिणेतील लष्करांनी, विशेषतः म्हैसूरच्या फौजेने, लोखंडी नळ्यांचे बाण इंग्रजांविरुद्ध वापरले आणि त्यांवरूनच पुढे इंग्लंडात काँग्रीव्हने आपली अस्त्रे घडवली. दिवाळीत रिकाम्या बाटलीत उभा करून वात पेटवावयाचा, ‘सुईऽऽ’ करीत वर जाणारा बाण खेड्यातील अडीच वर्षांच्या मुलानेही आईच्या कमरेवरून पाहिलेला असतो. पुस्तकातील रॉकेट पाहून त्याला आठवतो तो अवकाशतळ नव्हे, हे अंगण आठवते. कान झाकण्याची, डोळे मिटण्याची त्याची कृती ही त्या चित्राची त्याने केलेली पहिली समीक्षा होय.

याहून लक्षणीय गोष्ट अशी की, बाण हा मराठी मुलाच्या पहिल्या पुस्तकातही पूर्वीपासून आहे. बाजारात, जत्रेत, शालेय साहित्याच्या दुकानात मिळणारी अंकलिपी हेच ग्रामीण महाराष्ट्रातील खरे आद्य चित्रपुस्तक. तीत ‘र’ रथाचा असतो. ‘ण’ने आरंभ होणारा शब्द मराठीत नसल्यामुळे ‘ण’ला बाणाचे चित्र लाभते. रथ आणि बाण ही पुराणातली दोन वाहने आणि आयुधे अंकलिपीच्या चौकटींत शेजाऱ्यासारखी वसली आहेत. ‘अग्निबाण’ हा रॉकेटसाठी रूढ केलेला मराठी प्रतिशब्द याच वारशातून आला. आज मात्र शिशूसमोर हा शब्द क्वचितच उच्चारला जातो. ‘रॉकेट’ हाच मराठी शब्द झाला आहे आणि तसे होण्यात काही गैर नाही. भाषा कोणता शब्द स्वीकारते यापेक्षा त्या शब्दाबरोबर कोणती आठवण जिवंत राहते, हे साहित्यदृष्ट्या अधिक महत्त्वाचे.

अंकलिपी आणि जाड पानांचे पुस्तक यांत मात्र एक मूलगामी भेद आहे. अंकलिपीत चित्र हे अक्षराचे सेवक असते. कमळ हे ‘क’साठी, बदक ‘ब’साठी. चित्र ओळखले की त्याचे काम संपते. डोळा लगेच अक्षराकडे वळवावयाचा असतो. बाणाचे चित्र कोठून सुटले आणि कोठे गेले, हे विचारण्याची सोय त्या चौकटीत नाही. याउलट रॉकेटच्या चांगल्या पुठ्ठापुस्तकात पान उलटणे हीच गती असते. जमिनीवर उभे रॉकेट, धूर, ढग, काळे आकाश, गोल चंद्र, पुन्हा घर. आठ-दहा पानांत एक प्रवास पूर्ण होतो आणि शेवटी परतणे असते. म्हणजे शिशूला येथे प्रथमच कथानकाचा रूपबंध हातांनी अनुभवता येतो. जाड पान हे केवळ फाटू नये म्हणून जाड नसते. अजून चिमटीत कागद न मावणाऱ्या बोटांना ‘पुढे काय’ हा प्रश्न स्वतः विचारता यावा म्हणूनही ते जाड असते.

या रूपबंधाचे मराठीतील जवळचे नाते अंकलिपीशी नसून चिऊताई-काऊदादाच्या कथेशी आहे. दार ठोठावणे, आतून उत्तर येणे, थांबणे, पुन्हा ठोठावणे, ही तेथील लय पान उलटण्याच्या लयीसारखीच आहे. उलटी गणती हाही अशाच ताणाचा प्रकार. दहापासून शून्यापर्यंत मोजून अवकाशयान सोडण्याची प्रसिद्ध रीत फ्रिट्झ लांग यांच्या १९२९ च्या ‘चंद्रावरील स्त्री’ या जर्मन मूकपटाने लोकप्रिय केली. यंत्रज्ञांच्या आधी ती कलावंताला नाट्यासाठी लागली. मराठी मुले शर्यत सुरू करताना ‘साडेमाडे तीन’ म्हणतात, त्यातही अगदी तेच साधलेले असते. शेवटचा अंक लांबवावयाचा, श्वास रोखावयाचा आणि मग सुटावयाचे. उजळणी पुढे जाते ती पाठांतरासाठी. साडेमाडे तीन थांबते ते आनंदासाठी.

४

जाड पानांच्या पुस्तकाचा इतिहास पाश्चात्त्य देशांतही फार जुना नाही. कोमेनियसचा ‘चित्रमय विश्व’ हा ग्रंथ १६५८ चा. परंतु तो शाळकरी मुलासाठी होता. न फाटणारी कापडी पुस्तके इंग्लंडात १९०३ च्या सुमारास निघू लागली. अगदी लहान मुलासाठी स्वतंत्र आशय घेऊन रचलेली पुठ्ठापुस्तके मात्र १९७९ ते १९८१ या काळात, रोझमेरी वेल्स आणि हेलन ऑक्सनबरी यांच्या मालिकांनी, ठसठशीतपणे पुढे आली. याच सुमारास त्यांच्या वाचनाकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. अनत निनिओ आणि जेरोम ब्रूनर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका आईच्या आणि तिच्या लहानग्याच्या चित्रवाचनाचे बारकाईने निरीक्षण केले. लक्ष वेधणे, ‘हे काय?’ असे विचारणे, नाव सांगणे आणि मुलाच्या प्रतिसादाला दाद देणे, असे एक निश्चित आवर्तन त्यात दिसून आले. मूल बोलू लागण्याआधीच संवादातील आपली पाळी ओळखते, हा त्यातील मोलाचा निष्कर्ष.

मात्र हे आवर्तन सार्वत्रिक मानण्याचा मोह टाळला पाहिजे. शर्ली ब्राइस हीथ यांनी अमेरिकेतील कॅरोलिना प्रदेशातील समाजांचा दीर्घ अभ्यास करून १९८२ व १९८३ मध्ये दाखवून दिले की, झोपण्यापूर्वी पुस्तक वाचून दाखवणे हा एका विशिष्ट वर्गाचा संस्कार आहे. ज्या कृष्णवर्णीय श्रमिक वस्तीत हा प्रघात नव्हता, तेथील मुले भाषेत दुबळी मुळीच नव्हती. गोष्ट रचण्यात, उपमा शोधण्यात ती तरबेज होती. शाळेला तेवढी ती कसोटी ठाऊक नव्हती. हीथ यांचे हे निरीक्षण कनेरगाव नाक्यासारख्या ठिकाणी लागू पडते. कापूस-सोयाबीनच्या रानातून दिवेलागणीला परतलेल्या आईजवळ पुस्तकासाठी वेगळा असा निवांत प्रहर नसतो. परंतु आजीजवळ गोष्ट असते, आणि ती एका मुलासाठी नसून ओसरीवर जमलेल्या सगळ्यांसाठी असते. पुठ्ठापुस्तकात एक मांडी, एक मूल आणि एक दिवा गृहीत आहे. ओसरीवरच्या कथनात हे गृहीत नाही.

महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या परंपरेने हा पेच फार पूर्वी ओळखला होता. गिजुभाई बधेका यांच्या भावनगरच्या बालमंदिरातून आलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम केले. माँटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणार नाहीत, म्हणून बिया, शंख, पाने, माती यांची साधने त्यांनी घडवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच अंगणात न्यावी, या विचारातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आला, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो देशभर नेला. अंगणवाडीत एक सेविका आणि वीस-पंचवीस मुले असतात. तेथे पुठ्ठापुस्तक आले की त्याचा वापर आपोआप बदलतो. सेविका ते आपल्या छातीशी धरून मुलांकडे वळवते. मांडीची जागा वर्तुळ घेते, कुजबुजीची जागा कोरस. पाश्चात्त्य आवर्तन आणि ओसरीवरचे कथन यांचा हा संकर आहे. त्याला निकृष्ट वाचन मानण्याचे कारण नाही. तो निराळा वाचनप्रकार आहे, एवढेच.

५

अवकाशविषयक चित्रपुस्तके महाराष्ट्रात आली ती अनेक वाटांनी. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारीन यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यानंतरच्या तीन दशकांत मॉस्कोत छापलेली स्वस्त, रंगीत मराठी पुस्तके लोकवाङ्मय गृहाच्या मार्फत लहान गावांपर्यंत पोहोचली आणि अंतराळवीर हा त्यांतील एक आवडता नायक होता. १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघ संपुष्टात आला, तशी ही वाटही बुजली. दरम्यान १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘किशोर’ने शाळकरी मुलाला विज्ञान दिले. अक्षरपूर्व वयासाठी माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या संचाने घरगुती माणसांचा, घरगुती मराठीचा आदर्श घालून दिला. २००४ मध्ये स्थापन झालेल्या प्रथम बुक्सने एकच चित्रकथा अनेक भारतीय भाषांत देण्याची पद्धत रुजवली. परंतु जाड पानांचे, गोल कोपऱ्यांचे पुस्तक छापणे खर्चाचे असते. पुठ्ठा, चौरंगी छपाई, वरचा थर, साच्याने कापणी, या सर्वांसाठी मोठी आवृत्ती काढावी लागते. त्यामुळे चित्रे तयार मिळणारी आणि शब्द इंग्रजी, असा माल बाजारात अधिक दिसतो.

आणि येथेच खरा प्रश्न उभा राहतो. चित्राखाली ‘आर फॉर रॉकेट’ एवढेच छापलेले असले, तर हे पुस्तक अंकलिपीचीच परभाषिक आवृत्ती होते. चित्र पुन्हा अक्षराचे सेवक बनते. त्याहून गंभीर परिणाम वडीलधाऱ्यावर होतो. इंग्रजी न येणारी आजी चित्र पाहून बोलू शकत होती; पानावरचा शब्द तिला गप्प करतो. आपल्याला हे ‘वाचता’ येत नाही, अशी तिची समजूत होते आणि पुस्तक शाळेत जाणाऱ्या थोरल्या नातवाच्या हाती जाते. तो शब्द घोकून घेतो, मूल तो परत म्हणते, सर्वांना समाधान वाटते. या समाधानात काय हरवले, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

संहितेतील रिक्त जागा वाचक भरतो आणि त्या भरण्यातच कृती सिद्ध होते, असे वोल्फगांग इझर यांचे प्रतिपादन आहे. शिशूच्या चित्रपुस्तकात ही रिक्त जागा जवळजवळ संपूर्ण पान व्यापते. पानावर एक रॉकेट आणि भोवती काळे आकाश. उरलेली सारी संहिता मोठ्या माणसाच्या बोलण्यात असते. ‘हे कोण चाललं? मामाकडं चाललं. तिकडं भाकर भेटंल का?’ असे जर कोणी कनेरगावात बोलले, तर त्या क्षणी तेथे छापील पुस्तकात नसलेली एक मराठी संहिता जन्मते. तीच गोरमाटीत किंवा दखनीतही जन्मू शकते. पुस्तक एकच, संहिता तीन. नाक्यावरच्या गावात पुठ्ठापुस्तकाचे हे सामर्थ्य आहे. मात्र त्यावर छापलेला शब्द थोडा, मराठी आणि बोलीला वाव देणारा असेल तरच ते प्रकट होते.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, प्रमाण भाषेचा परिचय लवकर झाला नाही तर मूल शाळेत मागे पडेल. आक्षेप निराधार नाही. तथापि ज्या मुलाने चित्राविषयी स्वतःच्या बोलीत भरपूर ऐकले आणि बोलले आहे, त्याला प्रमाण शब्द हा आणखी एक शब्द म्हणून मिळतो. ज्याला चित्राबरोबर केवळ प्रमाण शब्द मिळाला, त्याला वस्तूचे नाव कळते, तिची गोष्ट कळत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत टप्पा मानला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ या नावाने खेळ-पुस्तकांचा संच जाहीर झाला. या योजनांचे यश पेटीतील वस्तूंच्या संख्येवर नव्हे, त्या वस्तूंभोवती कोणाला बोलू दिले जाते यावर ठरणार आहे.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी चांद्रयान-३ चे ‘विक्रम’ अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले. त्या संध्याकाळच्या पंतप्रधानांच्या भाषणातही ‘चंदामामा’चे दूरपण आणि जवळपण आले, हे लक्षणीय आहे. यंत्रविद्येच्या सर्वोच्च क्षणी देशाला शब्द सुचला तो अंगाईतला. खुद्द हिंगोली जिल्ह्यातही आकाश आता निराळ्या अर्थाने जवळ येत आहे. औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. ज्या जिल्ह्यात नरसी हे संत नामदेवांचे गाव आहे आणि जेथे देवाला लेकराच्या हट्टाने जेवू घालण्याची आख्यायिका घरोघरी सांगितली जाते, तेथील मुलाला नाते आणि अंतर या दोन्ही दृष्टींनी आकाश पाहता येणे अवघड नाही. रॉकेटच्या पुस्तकामुळे चांदोबा मामा राहत नाही, ही भीती अनाठायी आहे. मामाकडे जायचे तर वाहन लागतेच. मूल या दोन गोष्टींत विरोध पाहत नाही. विरोध निर्माण होतो तो वडीलधाऱ्याला मुका करणाऱ्या पानामुळे.

बालरामाच्या कथेत आरसा कोणी धरला, याविषयी सांगणाऱ्यांत मतभेद असतात; कोणी कौसल्या म्हणतात, कोणी मंथरा, कोणी सुमंत. मात्र आरसा कोणीतरी धरलाच होता, याविषयी एकवाक्यता आहे. शिशुवाचनाची मराठी समीक्षा लिहावयाची झाल्यास तिने पुस्तकांच्या यादीबरोबरच या धरणाऱ्या हातांची आणि त्यांच्या बोलण्याची नोंद ठेवावयास हवी. ती नोंद कोठल्याही ग्रंथालयात नाही. ती ओसरीवर आणि अंगणवाडीत रोज बोलली जाते व रोज विरून जाते. आणि तिच्याबरोबर मराठीच्या कितीतरी बोली, लिहिल्या जाण्यापूर्वीच, एका पिढीने कमी होतात.